नंदी यडूरला, महादेव खिद्रापुरात

दिवस पहिला : कोल्हापूर, नृसिंहवाडी, खिद्रापूर

मामांनी उभी हयात एस.टी. चालवली, तीही चंदगड आगारात. त्यामुळे माझ्या अल्टोत शेजारच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो. डिसेंबरातल्या या चार दिवसांत गाडी मी चालवली आणि लोकांशी बोलायचं काम त्यांनी केलं. वाटणी बरोबर होती. मी कुणाला काही विचारलं की लोक मला पत्रकार समजून सरळ बसायचे. मामांनी नुसतं "काय पाव्हणं, ऊस गेला का?" म्हटलं की पुढचा अर्धा तास निघायचा.

निघायचं कारणही मामाच. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याला १,४४५ कोटी आणि जोतिबाच्या आराखड्याला २५९ कोटी मंजूर केले. जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला. कोल्हापुरात लग्न असो नाहीतर मयत, बोलायला दुसरा विषय नव्हता. अशाच एका पंगतीत मामा हळूच म्हणाले, "ह्यातलं आमच्या तिकडं काय येणार?" तिकडं म्हणजे चंदगडला, माझ्या आजोळी, जिथं जिल्हा संपतो. म्हटलं, चला, कडेकडेनंच फिरून येऊ.

सकाळी शिरोळ रस्त्याला लागलो तर पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, प्रत्येकावर वेगळं गाणं. नृसिंहवाडीत पोचायला दोन तास लागले. दत्ताचं दर्शन झालं आणि मामा पेढ्याच्या दुकानात बसले ते बसलेच. गाडीतळावर निम्म्या गाड्या केए २३, म्हणजे कर्नाटकातल्या चिकोडीकडच्या. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि लगेच दुसऱ्याशी कन्नडात बोलत होता. मध्ये श्वासही घेत नव्हता.

"आमचं निम्मं गिऱ्हाईक तिकडलं," तो म्हणाला. "डिसेंबर २०२२ ला बसगाड्या बंद झाल्या, परत २०२५ च्या फेब्रुवारीत झाल्या. भांडण बेळगावात आणि पेढं शिळं आमचं."

दक्षिणद्वार सोहळ्याचंही त्यानं सांगितलं. कृष्णेचं पाणी चढून उत्तर दारातून आत येतं, पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडतं आणि त्या स्नानासाठी गर्दी लोटते. "त्या दिवशी धंदा लई. पण त्याच पाण्याच्या पुढच्या चार फुटांत दुकान जातंय." हे तो बासुंदी मोजता मोजता बोलला, वर बघितलंही नाही.

दुपारी खिद्रापूर. या गावाला कृष्णेनं तीन बाजूंनी वेढलंय आणि पलीकडचा काठ कर्नाटकाचा. कोपेश्वराचं देऊळ मी तिसऱ्यांदा पाहिलं आणि तिसऱ्यांदाही बोलती बंद झाली. तळाशी हत्तींची रांग, जणू देऊळ त्यांच्या पाठीवर ठेवलंय. आणि तो ४८ खांबांचा स्वर्गमंडप, ज्याच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा सोडलेली. खाली तेवढीच गोल शिळा. शिलाहारांच्या काळातलं हे काम. पुढे देवगिरीच्या यादव सिंघणानं शके ११३६ मध्ये इथं दान दिलं, त्याचा संस्कृत लेख नागरी लिपीत भिंतीवर आहे. आतले इतर बरेच लेख जुन्या कन्नडातले. सीमावाद कुठल्या सालापासून आहे, याचं उत्तर शोधत आलेल्या माणसानं ही भिंत एकदा वाचावी.

देवळाला नंदी नाही. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली ती यडूरला, म्हणून नंदी तिकडंच राहिला आणि इकडं महादेव कोपून बसला, अशी कथा. कोपलेल्याची समजूत घालायला आलेला विष्णू धोपेश्वर म्हणून शेजारीच पिंडीच्या रूपात. यडूर आज कर्नाटकात. मामा म्हणाले, "म्हणजे नंदीचं रेशनकार्ड तिकडलं."

बाहेर शहाळी विकणाऱ्या बाईंच्या टपरीवर बसलो. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या गोल मोकळ्या जागेवर येतो, तो बघायला रात्रभर माणूस मावत नाही. मी उत्साहानं म्हटलं, मग तर गावाला चांगलंच की.

"एक रात," बाई म्हणाल्या. "एवढाले कॅमेरे घेऊन येत्यात. मंडपात उताणं झोपून वरचा फोटो काढत्यात. माझा फोटो काढत्यात, शहाळं तासतानाचा. पाठवतो म्हणत्यात. आजपतूर एक आला न्हाई."

"पण शहाळी तर खपतात?"

"शहाळी खपत्यात. बायकांनी जायचं कुठं, ते विचारत्यात मग मला. मी माझ्या घरात पाठवते. दिवसाला धा-बारा बायका. पाणी मीच भरायचं."

शेजारी बसलेले एक आजोबा इतका वेळ गप्प होते. २०१९ आणि २०२१ चे दोन्ही पूर त्यांनी जनावरांसकट छावणीत काढलेले. ते म्हणाले, "अलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटरवरनं ५२४ करायची म्हणत्यात कर्नाटकवाले. पाणी किती फुगंल हे कोण धड सांगंना झालंय. आदी ते सांगा, मग बांधा तुमचं पर्यटन निवास. न्हाईतर त्येबी पाण्यात." नको असं ते म्हणाले नाहीत, हे मी वहीत मुद्दाम लिहून ठेवलं. चार दिवसांत ‘नको’ मी फारच थोड्या वेळा ऐकलं. ऐकलं ते ‘आदी’.

मुक्कामाला परत वाडीत. खिद्रापुरात रात्री राहायची सोय मला दिसली नाही.

दिवस दुसरा : यडूर, निपाणी, गडहिंग्लज

कुरुंदवाडहून दत्तवाड, पुढे एकसंबा. राज्य बदललं हे पाट्यांवरून कळलं. ऊस तोच, विहिरींवरच्या मोटारी त्याच, घरांपुढची तुळसही तीच.

यडूर वीरभद्राचं क्षेत्र. भाविकांची चांगली वर्दळ, पण आम्ही खिद्रापूरहून आलो म्हटल्यावर नारळवाल्या मावशी हसल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "नवरा तिकडं, बैल इकडं, होय की नाही?" त्यांचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. दिवाळीला जाताना कर्नाटकाच्या बसमध्ये त्यांना तिकीट नाही, २०२३ पासून तिकडं बायकांना राज्यात प्रवास फुकट आहे. हद्द ओलांडली की आपल्या एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट. "म्हणून मी हद्दीपर्यंत फुकट जाते आणि तिथून अर्ध्यात माहेरी," मावशी म्हणाल्या. अशी टूर पर्यटन खात्याला सुचली नसती.

मी विचारलं, खिद्रापूरला येणारे लोक इकडं येतात का? एवढी मोठी गोष्ट दोन गावांत विभागलेली. मावशी म्हणाल्या, क्वचित. गाइड तिकडं गोष्ट सांगतो आणि हात करून दाखवतो, ‘नंदी त्या बाजूला.’ हात दाखवून झाला की गाडी कोल्हापूरला वळते. दोन्हीकडची देवळं एका दिवसात दाखवणारी एखादी गाडी असती तर मावशींचे नारळ खपले असते, खिद्रापूरच्या बाईंची शहाळीही खपली असती. पण अशी गाडी कोण सोडणार? दोन राज्यं, दोन महामंडळं, दोन पाट्या. देवाची कथा नदी ओलांडते, आराखडा काठावर थांबतो.

चिकोडीवरून निपाणीला आलो. पंपावर महाराष्ट्राच्या गाड्यांची रांग, कारण पेट्रोल इकडं स्वस्त. आम्हीही टाकी भरली. याला मामा ‘सीमाभागातलं तीर्थ’ म्हणतात. निपाणी म्हणजे तंबाखू, विडी आणि १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन. मला आठवडी बाजार बघायचा होता, पण तो त्या दिवशी नव्हता. चूक माझीच.

तवंदी घाट, संकेश्वर, आणि तिथून पुन्हा महाराष्ट्रात. संकेश्वर–बांदा रस्ता आता रुंद झालाय. गडहिंग्लजजवळच्या हॉटेलात जेवलो. मालकाचा मामांशी जुना परिचय; एस.टी. पूर्वी इथं जेवायला थांबायची.

"रस्ता झ्याक झाला," मालक म्हणाला, "आणि माझं गिऱ्हाईक गेलं."

मला आधी कळेना. मग त्यानं समजावलं. पूर्वी गोव्याला जाणारी गाडी खड्ड्यांनी दमून इथं थांबायची. चहा, मिसळ, पोरांची उलटी, पाण्याची बाटली. आता ती गाडी थेट आंबोलीत जाऊन श्वास घेते. "आम्हीच रस्त्यासाठी निवेदनं दिलेली," तो म्हणाला आणि स्वतःच मोठ्यानं हसला. तांबडा रस्सा मात्र फार सुंदर होता. जाताना थांबत जा.

दिवस तिसरा : चंदगड, पारगड

आज आजोळ. घरात मामांनी पत्र्याची पेटी उघडली आणि आजोबांचा शाळेचा दाखला माझ्या हातात दिला : ‘तालुका चंदगड, जिल्हा बेळगाव.’ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूरला जोडला. आजोबा एका गावातून हलले नाहीत, जिल्हा हलला. पण सवयी कुठल्या हलतात? आजही लग्नाचा बस्ता बेळगावचा, मोठा दवाखाना बेळगावचा. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे, सरकारी कामापुरतं. पलीकडच्या ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या गावांत आमच्या निम्म्या मावश्या आणि आत्या.

चौकात चहा घेताना शक्तिपीठ महामार्गाचा विषय निघाला. नागपूर ते गोवा, मूळ आखणीत ८०२ किलोमीटर, देवस्थानं जोडणारा. कोल्हापुरातल्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी त्याला कडाडून विरोध केला आणि पुढे तो चंदगडकडून नेण्याची भाषा सुरू झाली. टपरीवर चार माणसं, पाच मतं. एक तरुण म्हणाला, "त्यांना नको तर आमच्याकडनं न्या, आमच्याकडं हाय काय दुसरं?" काजू कारखाना चालवणारे एक गृहस्थ तुटकपणे म्हणाले, "त्याला दर किलोमीटरला उतरायला वाट असणार हाय काय? वरनं गाड्या जातील, खाली आपण बघत बसणार." मला कालचा हॉटेलवाला आठवला. तरुणाकडेही उत्तर होतं, "जमीन तरी भावानं जाईल." त्यावर कुणीच काही बोललं नाही. चहाचे पैसे मामांना देऊ दिले नाहीत.

हेरेमार्गे पारगड तीसेक किलोमीटर. तांबडी माती, मोहोरायला आलेल्या काजूच्या बागा, मग दाट जंगल. मामा या वाटेवर वस्तीची गाडी घेऊन यायचे. प्रत्येक वळणाला त्यांच्याकडे किस्सा होता आणि प्रत्येक किश्श्यात गवा होता.

गडाच्या पायऱ्या चढताना मामांना दम लागला, पण कबूल केलं नाही. दर वीस पायऱ्यांनी ते निसर्ग बघायला थांबत. शिवाजी महाराजांनी गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला हा गड वसवला आणि तानाजींचा मुलगा रायबा मालुसरे इथला पहिला किल्लेदार, असं सांगितलं जातं. चंद्रसूर्य असेपर्यंत गड जागता ठेवा, ही महाराजांची आज्ञा म्हणून इथले लोक साडेतीनशे वर्षं गड सोडत नाहीत. मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर नांदतात. इतर गडांवर आपण भिंती बघायला जातो. इथं चुली आहेत, वाळत घातलेली धुणी आहेत, भवानीच्या देवळात सांजेला दिवा लागतो.

आमची सोय मामांच्या ओळखीच्या एका आजींकडे. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, भात. बोलण्यात कोकणीचा हेल, कारण पुढची उतरण थेट दोडामार्गात जाते. शेजारच्या ओळीत चार घरांना कुलपं.

"पोरं?" मी विचारलं.

"गोव्याला. दोन मुंबयला."

रविवारी पोरांचे जथे येतात, आजी सांगत होत्या. पहाटे घोषणा देतात, छाती भरून येते. मग पिठलं-भाकरी मागतात आणि निघताना घासाघीस करतात. "म्हणत्यात, आजी, मावळ्यांकडनं पैसं घेताय? मी म्हटलं, बाबा, पीठ काय मोगलांकडनं येतंय?"

मामा हसून हसून खोकायला लागले.

मग मी विचारू नये ते विचारलं. गडावर मोठं हॉटेल झालं, रोपवे झाला, तर? पन्हाळ्याचं नाव युनेस्कोत आलं तसं इथलं आलं तर? आजींनी चुलीत लाकूड सारलं. पन्हाळ्याच्या लोकांना घरं जातील अशी धास्ती वाटली होती, हे मामांनी त्यांना सांगितलं. आजी म्हणाल्या, "आमाला कोन उठवनार? राजानं बसवलंय." थोडा वेळ गेला. "माजा नातू गोव्यात हाटेलात कपबश्या धुतोय. हाटेल हितं आलं तर हितंबी कपबश्याच धुनार. पन रातच्याला घरी तरी येईल."

हे वाक्य मी रात्री झोपताना उलटसुलट करत होते. त्यात होकार आहे की नकार, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हत्तींचा विषय शेवटी आलाच. २००२ च्या सुमारास दांडेलीच्या बाजूने हत्ती या भागात उतरले आणि नंतर चंदगड-आजऱ्याचेच झाले. केळी, नारळ, ऊस, भाताच्या उडव्या, काही सोडत नाहीत. एका टस्कराला लोकांनी ‘चाळोबा गणेश’ नावच देऊन टाकलंय, नुकसानीचे पंचनामे करता करता पायाही पडतात. "हत्ती बगायला लोकं येत्यात आता," आजी म्हणाल्या. "रात्री गाडीचं लाइट मारत्यात त्येच्यावर. तो चिडतोय आन् सकाळी आमच्या बागंत रागवतोय."

फोनला रेंज नव्हती. नऊलाच झोपलो.

दिवस चौथा : तिलारी, देवरवाडी, शिनोळी

सकाळी निघताना मी आजींचा चुलीपुढचा फोटो काढला. त्या पदर सावरून ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "पाठव हां." म्हणताना हसल्या. ते हसू मी खिद्रापुरात पाहिलेलं होतं.

तिलारीनगर आणि स्वप्नवेल पॉइंट. दरीच्या काठावर उभं राहिलं की खाली कोकण निळं-हिरवं पसरलेलं दिसतं. सुंदर आहे, वर्णन करत नाही. कठड्याखाली बाटल्यांचा खच होता. गोव्यात दारू स्वस्त, नाक्यावर तपासणी होते, म्हणून नाक्याआधीच संपवायची. काचा जंगलात. त्या उचलायला आलेला वनखात्याचा रोजंदार माणूस म्हणाला, "मॅडम, पर्यटक लई चांगले असत्यात. फकस्त बाटली हातात असंपर्यंत."

वाटेत जागोजागी ‘प्लॉट विकणे आहे’. बोर्डावर ‘गोव्याजवळ’ असं लिहिलेलं, ‘चंदगड’ नाही. मामांच्या शाळासोबत्यानं दोन एकर काजू विकून टाकला होता. पैशातून मुलीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. आता त्याच जमिनीवरच्या बंगल्याची तो राखण करतो. मी मनात एक हळहळ तयार ठेवली होती. त्यानं ती घेतलीच नाही. म्हणाला, "हत्ती आता माझं काय खात न्हाई. त्यांचं खातोय."

दुपारी देवरवाडी. महिपाळगडाच्या पायथ्याचं वैजनाथाचं देऊळ, जुनं, गार, झाडांत. गाडीतळावर जवळजवळ सगळ्या गाड्या केए २२, बेळगावच्या. बेळगावकरांचा हा रविवारचा विसावा आहे, आणि ‘कोल्हापूर दर्शन’ करणाऱ्याला याचा पत्ता नाही. त्याचं कोल्हापूर अंबाबाई, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा इथंच संपतं. चहावाल्याला मी विचारलं, तुमचे पर्यटक मग कर्नाटकाचेच म्हणायचे? त्याला माझा प्रश्न चमत्कारिक वाटला. "बेळगावची मराठी माणसं ती. आमची सोयरी-धायरी. पाव्हणं येतेत, पर्यटक कशाला म्हंतीस?"

शिनोळी फाट्यावर शेवटचा चहा. इथं औद्योगिक वसाहत आहे, बेळगाव–वेंगुर्ले रस्ता आहे आणि सीमाप्रश्न तापला की रास्ता रोकोही इथंच. एरवी बेळगावहून कामगार इकडं येतात, इकडची पोरं कॉलेजला तिकडं जातात. टेबलावर गोव्याकडे निघालेलं एक जोडपं नकाशा बघत होतं. त्यांनी विचारलं, इथं बघण्यासारखं काय आहे? मामा खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाला गेले. वैजनाथ, पारगड, कलानंदीगड, स्वप्नवेल, सगळं सांगितलं, कुठल्या वळणाला हॉर्न द्यायचा तेसुद्धा. ते म्हणाले, छान, परत येताना बघू. त्यांची गाडी गेल्यावर मामा म्हणाले, "परत येताना अंधार असतोय."

बेळगावमार्गे महामार्गाला लागलो. कोगनोळीचा टोलनाका, दूधगंगा, कागल. घरी पोचायला साडेनऊ झाले.

दोन दिवसांनी मी राजारामपुरीतल्या स्टुडिओत गेले. आजींचे तीन फोटो मोठे करून घेतले, खिद्रापूरच्या बाईंचा शहाळं तासतानाचा एक. पारगडचे फोटो मामा चंदगडच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देणार होते. तिथून वस्तीच्या गाडीनं वर. खिद्रापूरचा नेऊन द्यायला मीच जायचं ठरवलंय, पुन्हा यडूर करायचंच आहे.

स्टुडिओवाल्यानं पाकिटात घालताना आजींचा फोटो उजेडात धरून पाहिला. "झकास आलाय. कुठलं हे?"

"पारगड."

"गोव्यात काय?"

"जिल्ह्यात आपल्याच," मामा म्हणाले आणि सुटे पैसे मोजू लागले.